लाल बटण आणि तांब्याची तार

रामलिंग मुगळी विमा विकत असे, आणि विकून उरलेली भीती संध्याकाळी घरी घेऊन येत असे. कोडोलीच्या एखाद्या गुऱ्हाळवाल्याच्या घरच्या पुढल्या सोप्यात बसून तो विहिरीचा खचलेला कठडा, चरकात सापडलेला हात, पिसाळलेलं कुत्रं आणि रस्त्यावर लोंबणारी विजेची तार यांविषयी इतक्या कळकळीनं बोले, की गिऱ्हाइकाच्या घरातल्या बायका आतून येऊन दाराशी उभ्या राहत. गिऱ्हाईक सही करून मोकळं होई आणि जेवून झोपे. रामलिंगला ती सोय नव्हती. परत येताना तो विहिरीला वळसा घाली, खांबापासून दूर चाले, आणि कुत्रं दिसलं तर मुलाखतीला आल्यासारखा ताठ उभा राही.

वय चाळिशीचं, अंगानं वाळकुडा, उंच. शुक्रवार पेठेत दोन खोल्यांचं घर. घरात आई बसव्वा आणि बायको शिवगंगा. बसव्वा माहेरची संकेश्वरकडची. मराठी बोलता बोलता रागावली की कानडीत जाई, आणि परत यायला वेळ लावी. शिवगंगा सासूला आत्ती म्हणे, कमी बोले आणि जे बोले ते बहुधा खरं असे, त्यामुळं रामलिंग तिला थोडा भीत असे. आईलाही भीत असे. पण सगळ्यांत जास्त विजेला. घरातल्या दिव्याचं बटण तो बोटानं दाबत नसे. त्यासाठी खुंटीला एक लाकडी पट्टी टांगलेली होती.

अशा माणसाकडं मोटारसायकल असावी हे कुणालाच पटत नसे, त्यालाही नाही. पण त्याचा मुलूख होता पन्हाळ्यापासून गगनबावड्यापर्यंतचा, आणि एस.टी. जिथं सोडे तिथून वाडीपर्यंत कोसभर चिखल असे. शेवटी कचेरीतल्या साहेबांनीच एक जुनी फटफटी मिळवून दिली. ती लष्कराच्या लिलावातून आलेली होती. कुठल्या लढाईत होती हे कुणी सांगू शकत नसे. तिच्याकडं पाहून ती बाजू हरली असावी असं वाटे. तिला चावी नव्हती. किक मारली की ती सुरू होई, आणि बंद करायला हँडलच्या डाव्या बाजूला एक लाल बटण होतं, बस्स.

या बटणाचं काम उद्यमनगरातल्या जोतीराम मेस्त्रीनं त्याला समजावून सांगितलं होतं. "ह्या गाडीला बॅटरी न्हाय बघा. इंजिन फिरतंय तवर ते आपली ठिणगी आपणच पाडतंय. बटणापास्नं एक तार इंजिनाकडं गेलीया. बटण दाबलं की ती ठिणगी बॉडीत जाती, आन् इंजिन मरतंय. बटण सांभाळा. तुमच्या एक्सलेटरची केबल कवा कवा अडकती. मूठ सोडली तरी गाडी पळतच ऱ्हाती. तवा ह्या बटणाशिवाय तुमाला कोण न्हाय."

शेवटचं वाक्य रामलिंगनं देवाच्या नावासारखं लक्षात ठेवलं. लोक गाडी चालवायला शिकतात. तो आधी बंद करायला शिकला. फाटक ओलांडताना, म्हैस दिसली की, शाळा सुटलेली दिसली की, त्याचा डावा अंगठा आपोआप बटणावर जाई. त्या सगळ्या लोखंडात त्याचं प्रेम होतं ते तेवढ्या लाल ठिपक्यावर.

आषाढाची अमावास्या झाली आणि गाडी आपणहून मरायला लागली.

पहिल्यांदा रंकाळ्याच्या कोपऱ्यावर, मागं ट्रक असताना. मग कोडोलीच्या फाट्यावर. मग गल्लीच्या तोंडाशी, रोज. रामलिंगनं बटणाला हात लावलेला नसे. ठिणगी जाई, चाक आवळल्यासारखं होई, आणि तो रस्त्याच्या मधोमध दोन्ही पाय टेकून उभा राही, मागून काय येतंय ते न बघता, कारण बघायची छाती होत नसे. शेजारच्या अंबूबाईंनी रंकाळ्याच्या कोपऱ्यावर पूर्वी काय काय झालं होतं ते सांगितलं. रामलिंगला ते ऐकायचं नव्हतं, म्हणून त्यानं पुन्हा पुन्हा विचारून पूर्ण ऐकलं. रात्री त्याला झोप येईना. दुसऱ्यांना सांगायच्या गोष्टींत आता एक नवी गोष्ट तयार होत होती, आणि तिच्यातला माणूस उंच आणि वाळकुडा होता.

मेस्त्रीकडं गाडी न्यायची तर वाटेत रंकाळ्यासारखे चार कोपरे होते. म्हणून एका रविवारी त्यानं ती घरीच बघायची ठरवलं.

तयारी मोठी होती. अंगणात त्यानं जेवणाचा लाकडी पाट मांडला आणि रबरी चपला घालून त्यावर उभा राहिला. पक्कडीच्या मुठींना सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले. शिवगंगेला हँडल धरायला उभं केलं. बसव्वा उंबऱ्यात मटकी निवडत बसली होती. पाटावर पंगतीला बसतात ते तिनं पाहिलं होतं, फटफटी दुरुस्त करायला कुणी उभं राहिलेलं नव्हतं.

"पूजा सांगायला भटजी कवा येनार?" तिनं विचारलं.

रामलिंगनं किक मारली. गाडी सुरू झाली.

"उजवीकडं वळीव."

"वळिवलं." गाडी चालूच.

"आता डावीकडं."

शिवगंगेनं हँडल डावीकडं नेलं आणि गाडी गप्प झाली. पुन्हा सुरू केली. उजवीकडं चालू, डावीकडं बंद. तिसऱ्या वेळीही तेच. त्यानं प्लग काढून पुसला, पेट्रोलची नळी फुंकली. काही फरक नाही. मग तो पाटावरच उकिडवा बसला आणि विचार करू लागला. भीती बाजूला ठेवली तर त्याचं डोकं चांगलं चालत असे, फक्त तशी संधी कमी मिळे. पेट्रोलला डावं-उजवं कळत नाही. प्लगलाही नाही. हँडलबरोबर हलतं असं काय आहे? बटण, आणि बटणाची तार. म्हणजे हँडल डावीकडं गेलं की कुणीतरी बटण दाबल्यासारखं होतंय.

"भात करपंल. मी बघून येतो," असं म्हणून शिवगंगा आत गेली, आणि रामलिंगनं इंजिनापासून वर, टाकीच्या खालून, हँडलपर्यंत तार बोटभर बोटभर तपासत नेली.

ती जिथं बटणात शिरत होती तिथं वरचं कापडी वेष्टण झिजून आतली तार उघडी पडली होती. आणि नेमक्या त्याच जागी बसव्वानं लिंबू-मिरच्या बांधल्या होत्या. दर अमावास्येला ती बांधत असे. रामलिंग त्याकडं हँडलचाच एक भाग म्हणून बघत असे. पण या खेपेला दोऱ्याच्या जागी तांब्याची तार होती. एक टोक बटणाच्या तारेभोवती, दुसरं हँडलच्या नळीला, मधे लिंबू. गाठ अशी आवळलेली की पुढच्या पिढीनं सोडवावी. हँडल डावीकडं गेलं की तांबं ताणून उघड्या तारेला घासे, ठिणगी हँडलमधून बॉडीत जाई, आणि दृष्ट लागू नये म्हणून केलेली तजवीज गाडीचा जीव घेई.

"अव्वा, ही तार कुठली?" त्यानं आईला विचारलं.

"तांबटाकडची. दोरा ऱ्हातोय कुठं? अंबूबाईची शेळी लिंबू-मिरच्यासकट खाती. आता खा म्हनावं, बघू."

"दुसरीकडं बांधलं असतंस की. जरा सोडवू का? परत बांधतो तसंच."

मटकीतला तिचा हात थांबला. "आमुशाला बांधल्यालं दुसऱ्या आमुशाशिवाय सोडत न्हाईत. मधी सोडलं तर ज्येच्यासाठी बांधलंय त्येच्यावरच उलटतंय. हात लावू नगंस, रामा."

ती हे चढ्या आवाजात बोलली असती तर त्यानं कदाचित सोडवलंही असतं. ती हळू बोलली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते त्याला ओळखीचं होतं, कारण ते तो रोज आरशात बघे.

त्यानं विचार केला. उघड्या तारेवर रबर गुंडाळायचं तर आधी तांबं सोडवायला हवं. तांबं सोडवलं तर आईनं सांगितलं ते. नाही सोडवलं तर रंकाळ्याचा कोपरा. विम्याच्या हिशेबात दोन धोक्यांपैकी कुठला मोठा हे ठरवता येतं. पण त्या तक्त्यात लिंबाचा रकाना नव्हता. शिकलेल्या, विज्ञान मानणाऱ्या, संध्याकाळचं वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाप्रमाणं त्यानं मधला मार्ग काढला. लिंबू तसंच ठेवलं, आणि बटणाची तार इंजिनाच्या टोकाला पक्कडीनं सोडवून टाकली. टोकावर ट्यूबचा तुकडा गुंडाळला.

गाडी सुरू केली. डावीकडं चालू. उजवीकडं चालू. लाल बटण दाबलं, तरी चालू. अर्थात.

टाकीखालची पेट्रोलची तोटी, म्हणजे कॉक, बंद करून तो वाट बघत उभा राहिला. गाडी बराच वेळ विचार केल्यासारखी धडधडली, मग मेली.

"झालं व्हय?" आतून शिवगंगेनं विचारलं.

"झालं," तो म्हणाला.

उद्या सोमवार, उद्यमनगर बंद. मंगळवारी जोतीरामला घरी बोलावून तो काय ते करील. तोवर गाडीला कुणी हात लावायचा नाही. पण हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर शिवगंगा का म्हणून विचारणार, मग लिंबाचा विषय निघणार, मग त्यावर त्या दोघी एकमेकींशी बोलणार. त्या बोलण्यापेक्षा गाडीवर पोतं टाकणं सोपं होतं. त्यानं पोतं टाकलं.

सोमवारी सकाळी तो चालत कचेरीत गेला. श्रावणी सोमवार, उपास. येताना देवळात जाऊन आला. दुपारी घरी पोचला तर पोतं घडी करून कट्ट्यावर ठेवलेलं होतं.

"गाडी कुठाय?"

"बंडू आलता उचगावास्नं," बसव्वा म्हणाली. बंडू शिवगंगेचा धाकटा भाऊ. "त्येंच्या थोरल्या भनीच्या पोरीला मुलगा झालाय की गगनबावड्यात. बाळंतविडा घिऊन शिवगंगा आन् त्यो दोगं बी मगाशीच गेली. मीच म्हटलं एस.टी.च्या गर्दीत कशाला, गाडी हाय की दारात. चांगली दुरुस्त बी केलीया तू."

मेव्हण्यानं गाडी विचारून न्यायची पद्धत गल्लीत नव्हती. विचारली असती तर रामलिंगलाच परकं वाटलं असतं. तो कट्ट्यावर, घडी केलेल्या पोत्यावर बसला. बंडूला गाडी येत होती म्हणजे पळवता येत होती. थांबवायचं म्हणजे बटण, एवढंच त्याला ठाऊक. केबल अडकते हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्यामागं शिवगंगा होती. गगनबावड्याच्या वाटेवर श्रावणात रस्ता दिसतो कमी आणि असतो त्याहून कमी.

"जेवतूस न्हवं? उपासाचं केलंय," बसव्वा म्हणाली. तो उठून चालायलाही लागला होता.

रंकाळा स्टँडवर गगनबावड्याची एस.टी. लागलेली होती. ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर, काचेतून पुढचं दिसेल असा तो बसला, आणि सगळ्या वाटेत पुढं बघायचं नाही असं ठरवून बघत राहिला. बालिंग्याच्या पुलावर कठडा शाबूत होता. हे त्यानं पाहिलं, आणि पुलाखालून गढूळ पाणी जात होतं तेही पाहिलं. एका वळणावर रस्त्यात काहीतरी हिरवं पडलं होतं. शिवगंगेचं लुगडं हिरवं होतं. जवळ गेल्यावर ती वैरणीची पेंढी निघाली. बाजूच्या माणसानं विचारलं, "पावणं, मळमळतंय काय? खिडकीकडं या की." रामलिंगनं मान हलवली. एरवी अशा माणसाला त्यानं कळ्यापर्यंत विमा सांगितला असता.

कळ्याला एस.टी. चहासाठी थांबली. हॉटेलवाल्या शालूबाईंना त्यानं विचारलं, एक फटफटी गेली का, मागं बाई.

"गेली की! लई येळ हितंच व्हती." शालूबाई हसायला लागल्या. "ते पोरगं गाडी बंदच करंना. चालूच ठिवून च्या प्यालं. म्या म्हटलं, तेल काय फुकट मिळतंय व्हय रं? तर म्हनतंय, मावशी, बटण चालत न्हाय, पर बरंच हाय, परत किक मारायला नगं!"

"बाई काय म्हणाली?"

"ती काय म्हनती? म्हनली, कालच दुरुस्त केलीया मालकांनी."

रामलिंगनं भरलेला कप परत ठेवला. म्हणजे त्यांना कळलं होतं आणि तरी ती पुढं गेली होती, त्याच्या दुरुस्तीच्या भरवशावर. आपल्यावर कुणी इतका विश्वास टाकल्याचं त्याला आठवत नव्हतं, आणि तो टाकायला हीच वेळ सापडावी.

साळवणच्या पुढं पाऊस लागला. पाऊस म्हणजे तिथं थेंब दिसत नाहीत, नुसती हवा पांढरी होते. ड्रायव्हर काचेला नाक लावून गाडी हाकत होता. रस्ता एका लांब उतारावर आला, दोन्ही बाजूंना भातखाचरं, आणि पांढऱ्यात पुढं एक काळा ठिपका दिसला. मग त्याच्यावर हिरवा.

"तीच," रामलिंग उभा राहिला. "तीच गाडी! माझी बायको हाय तिच्यावर. थांबवा त्यांना!"

"मी एस.टी. चालवतोय, पोलीस न्हवं," ड्रायव्हर म्हणाला.

"हॉर्न द्या. हॉर्न द्या हो, पाया पडतो. थांबतील."

त्याचा चेहरा पाहून ड्रायव्हरनं हॉर्न दिला. लांब, दणदणीत, दोनदा.

पुढचं सगळं रामलिंगनं काचेतून पाहिलं. बंडूला वाटलं, एस.टी.ला पुढं जायचंय. शहाण्या माणसासारखी त्यानं बाजू दिली. फटफटी रस्त्याच्या कडेला गेली, कडेला चिखल होता, तिथं त्यानं मूठ सोडली असावी. पण गाडीचा आवाज कमी झाला नाही. वाढला. बंडूचा डावा हात हँडलवर काहीतरी दाबत होता, परत परत दाबत होता. मग हिरवं लुगडं बाजूला उडालं आणि गाडी बांधावरून खाली, खाचरात गेली.

ब्रेक लागले, माणसं पुढच्या बाकांवर आपटली. कंडक्टरनं दार उघडलं. लोक धडाधड उतरले, आणि ज्याचं सगळं त्या खाचरात होतं तो दांडी धरून उभाच राहिला. पाय उचलेना. खाली काय असेल याची प्रत्येक तऱ्हा त्याला तोंडपाठ होती. ती सांगण्यावरच त्याचं पोट होतं. जोवर तो उतरत नव्हता तोवर त्यांतली एकही खरी नव्हती.

खालून शिवगंगेचा आवाज आला. "कुणीतरी बंद करा हो ती! बंद करा!"

ती जिवंत होती. तो उतरला.

बांधाला रेलून फटफटी आडवी पडली होती आणि इंजिन धडधडत होतं. मागचं चाक चिखल उडवत फिरत होतं. चाक आणि बांध यांच्यामधे बंडूचा पाय अडकला होता, पोटरी सायलेन्सरला टेकलेली, आणि तो ओरडायचा थांबून आता नुसता तोंड उघडं टाकून बघत होता. चाक प्रत्येक फेऱ्याला गाडी जराशी त्याच्याकडं ओढत होतं. लावणी सोडून आलेल्या बायका लांब उभ्या होत्या. एस.टी.तला एक गडी वाकून वाकून लाल बटण दाबत होता.

"दाबतोय की ओ! व्हईना!"

"जोरात दाब!"

"आनि किती जोरात?"

ते बटण कितीही जोरात दाबून काय होणार होतं हे तिथं एकाच माणसाला माहीत होतं. पेट्रोलचा कॉक गाडीखाली चिखलात गेला होता. राहिली होती ती प्लगची टोपी, इंजिनाच्या डोक्यावर, जिच्यातून ठिणगी जात होती. ती उपटली तर इंजिन मरणार होतं. ती उपटायची म्हणजे पोटरीभर पाण्यात उभं राहून ओल्या हातानं.

रामलिंग खाचरात उतरला. चपला पहिल्याच पावलाला चिखलात राहिल्या. शिवगंगेकडं त्यानं बघितलं नाही. त्यानं डोळे मिटले, हात घातला, आणि ओढलं.

खांद्यात कुणी घण घातल्यासारखं झालं. दात एकमेकांवर आपटले. हात सुटला, टोपी अर्धवटच निघाली होती, इंजिन अडखळून परत चालू झालं. म्हणजे परत घालायचा. पहिल्यांदा माणूस न कळता हात घालतो. दुसऱ्यांदा त्याला काय होणार ते माहीत असतं. त्यानं दुसऱ्यांदा घातला. त्याच्या तोंडून एक बारीक आवाज निघत होता, लहान मूल गाढ झोपेत काढतं तसा, आणि तो टोपी हातात येईपर्यंत निघत राहिला.

मग पावसाचा आवाज ऐकू यायला लागला.

सगळ्यांनी मिळून गाडी उचलली. बंडूचा पाय नडगीत मोडला होता आणि पोटरी भाजली होती, पण पाय होता. शिवगंगेचं कोपर सोलवटलं होतं, कपाळाला चिखल होता. कंडक्टरनं बाळंतविड्याची वेताची बुट्टी पाण्यातून काढून निथळली, गगनबावड्यात पोचवतो म्हणाला, आणि कोल्हापूरकडं जाणाऱ्या एका ट्रकला हात करून या तिघांची सोय लावली. फटफटी खाचरातच राहिली.

ट्रकच्या हौद्यात रिकाम्या पोत्यांवर बंडू आडवा पडला होता. एवढ्या वेळानं त्याला रडू फुटलं.

"दाजी, मी बटण दाबलं की ओ. आईशप्पत दाबलं. माझी चूक झाली, मी कळ्यालाच गाडी ठिवून याय पायजे हुतं. अक्काला मारलं असतं मी."

रामलिंग आपला उजवा हात डाव्यानं चोळत होता. गप्प राहिलं असतं तर चाललं असतं. बंडू सगळं अंगावर घ्यायला तयार होता, पोरगं त्या बाबतीत उदार होतं.

"तार मी काढलीती," रामलिंग म्हणाला. "बटणाची. काल."

शिवगंगा त्याच्याकडं वळली. "का?"

त्यानं सांगितलं. लिंबू, तांबं, उघडी तार, सगळं. ट्रकच्या आवाजात त्याला मोठ्यानं सांगावं लागलं, त्यामुळं ते होतं त्याहून मूर्खपणाचं ऐकू आलं.

"म्हंजे आत्तींचं लिंबू काढायचं धाडस झालं न्हाय, म्हनून बटण काढलं."

"व्हय."

"आन् सांगितलं न्हाय."

"न्हाय."

"आता घरी जाऊन आत्तींना सांगनार?"

तो घसरलेलं पोतं बंडूच्या पायाखाली सरकवू लागला. ती मग दवाखाना येईपर्यंत नवऱ्याकडं पाठ करून भावाच्या डोक्यापाशी बसून राहिली.

बंडूला दवाखान्यात ठेवून ती दोघं घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. बातमी आधीच आलेली होती. अंबूबाई नुकत्याच उठून गेल्या होत्या. बसव्वानं सुनेला दारातच धरलं, तिचं तोंड, हात, कोपर चाचपलं, कानडीत काहीतरी पुटपुटली. मग देवापुढं दोन हात जोडून वळली.

"लिंबू व्हतं म्हनून वाचलात. न्हायतर काय व्हतंय? येवढ्या दणक्यात पोरीला नुसतं खरचटलं. मी सांगत व्हतो न्हवं, सोडू नगंस म्हनून?"

शिवगंगा पाण्याच्या घागरीपाशी उभी राहून नवऱ्याकडं बघत होती. रामलिंगला पाण्यात उभं राहिल्याची आठवण झाली. तिथं निदान डोळे मिटून घेता आले होते.

"अव्वा," तो म्हणाला, "लिंबानं न्हाय वाचली. लिंबाच्या तारेनंच गाडी बंद पडत व्हती. ती सोडवायला मी भ्यालो, म्हणून बटण सोडवलं, म्हणून गाडी थांबली न्हाय. तू बांधलं नसतंस तर काय बी झालं नसतं."

तो ओरडण्याची वाट बघत होता, कानडीची. बसव्वा भिंतीला धरून खाली बसली. पदर तोंडाला लावला.

"काय बी झालं नसतं?"

"न्हाय."

"लिंबाचं काय नसतंय?"

"न्हाय, अव्वा."

"तुझा बाप सायकलवरनं पडून गेला त्या म्हयन्याला मी बांधाय इसरलो व्हतो," ती म्हणाली. "आमुशा व्हती, तुला ताप व्हता, ध्यानातनं गेलं. ध्यानात आलं तवा ते उचगावच्या पुढं गेलते. म्या कुनालाबी सांगितलं न्हाय. बांधलं असतं तरी ते गेलंच असतं व्हय?"

माणूस का मरतो याविषयी रामलिंग आयुष्यभर अनोळखी लोकांशी बोलत आला होता. पण हे वाक्य तो पहिल्यांदाच बोलत होता.

"गेलंच असतं, अव्वा."

शिवगंगा घागर सोडून जवळ आली आणि सासूशेजारी जमिनीवर बसली. बाहेर गल्लीत कुणीतरी रामलिंगला हाक मारत होतं, गाडी आणायला सकाळी कोण कोण यायचं ते विचारायला. त्यानं दार लोटून घेतलं.

"मग येवढी वर्सं," बसव्वा म्हणाली, "येवढी वर्सं मला कुनी सांगितलं का न्हाय रं?"